इंदूरची ड्यूसेनबर्ग आणि तिचे धनी : महाराज यशवंतराव होळकर (द्वितीय)

अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात तयार झालेली चासी, लंडनच्या कारागिरांनी तिच्यावर चढवलेली बॉडी आणि माळव्यातील एका मराठी राजाची मालकी, असा तीन खंडांचा संगम एका मोटारीत झाला होता. नारिंगी आणि काळ्या रंगांची, उघड्या टपाची ही लांबलचक मोटार ड्यूसेनबर्ग कंपनीची होती. बसण्यास जागा मात्र दोघांनाच. तिचे धनी इंदूर संस्थानचे अधिपती महाराज यशवंतराव होळकर (द्वितीय) हे होते. त्यांच्या निधनाला सहा दशके उलटून गेली. संस्थान लयाला गेले आणि मोटारही भारताबाहेर गेली. तरीही जगभरच्या जुन्या मोटारींच्या अभ्यासकांना इंदूर हे नाव ठाऊक आहे, ते बहुतांशी याच मोटारीमुळे. मात्र ज्या शहरावर या राजाने राज्य केले, त्या शहरात त्यांचे नाव वेगळ्याच कारणांनी घेतले जाते. या दोन ओळखींमधील अंतर समजून घेतले, तरच या आयुष्याचा अर्थ लागतो.

होळकर घराण्याचे मूळ महाराष्ट्रातील नीरा नदीकाठच्या होळ या गावी आहे. या घराण्याचे संस्थापक मल्हारराव होळकर यांनी पेशवाईच्या काळात माळव्यात आपला अंमल बसवला. त्यांची सून अहिल्याबाई यांच्या कारभाराने या घराण्याला भारतभर आदर मिळवून दिला. इंग्रजी अमलात हे संस्थान १९ तोफांच्या सलामीचे होते आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे २५ हजार चौरस किलोमीटर होते. प्रजेची बोली माळवी वा निमाडी असली, तरी दरबारात, वाड्यात आणि शहरातील असंख्य कुटुंबांत मराठीच बोलली जात असे. अशा घरात ६ सप्टेंबर १९०८ रोजी यशवंतरावांचा जन्म झाला.

त्यांचे वडील महाराज तुकोजीराव (तृतीय) हेही हौशी आणि दर्दी राजे होते. शहराच्या आखणीसाठी त्यांनी पॅट्रिक गेडिस या विख्यात नगररचनाकाराला इंदूरला बोलावले होते. कर्नल सी. के. नायडूंसारख्या क्रिकेटपटूला आपल्या सैन्यात मानाचे पद देणारेही तेच. १९१३ मध्ये त्यांनी पॅरिसच्या शोमे या जवाहिऱ्याकडून नाशपातीच्या आकाराचे दोन मोठे हिरे घेतले. प्रत्येकी सुमारे ४७ कॅरट वजनाचे हे हिरे पुढे इंदूरच्या नावानेच ओळखले जाऊ लागले. परंतु १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याची हत्या झाली. मुमताज बेगम या दरबारातून निघून गेलेल्या नर्तकीच्या अपहरणाच्या प्रयत्नात ही हत्या घडली आणि तपासाचे धागेदोरे इंदूरपर्यंत पोहोचले. चौकशीला सामोरे जाण्याऐवजी तुकोजीरावांनी २६ फेब्रुवारी १९२६ रोजी गादी सोडली. अवघ्या सतरा वर्षांचे यशवंतराव महाराज झाले, ते असे, वडिलांच्या अपकीर्तीच्या छायेत.

अल्पवयीन राजाच्या वतीने राज्यकारभार पाहण्याची व्यवस्था झाली. त्यात पंतप्रधान सिरेमल बापना यांचा वाटा मोठा होता. यशवंतरावांचे शालेय शिक्षण इंग्लंडमध्ये झाले होते. गादीवर आल्यानंतर ते ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात शिकले. कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताराजे यांच्याशी त्यांचा विवाह १९२४ मध्येच झालेला होता. त्या वेळी दोघेही अजाण वयाचे होते. विद्यार्थिदशेतच यशवंतरावांची ओळख दोन व्यक्तींशी झाली आणि तिने त्यांच्या आयुष्याला वळण दिले. एक होते एकार्ट म्युथेसियस हे बर्लिनचे तरुण वास्तुरचनाकार, तर दुसरे आँरी-पिएर रोशे हे पॅरिसच्या कलाविश्वात सर्वत्र वावर असलेले जाणकार. या स्नेहातून युरोपातील नव्या कलेचे दार या तरुण राजासमोर उघडले. बर्नार बुते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने १९२९ मध्ये त्यांचे पाश्चात्त्य पोशाखातील पूर्णाकृती चित्र रंगवले. काही वर्षांनी त्याच चित्रकाराने त्यांना मराठा राजवेषातही चितारले. एकच उंच, सडपातळ पुरुष दोन जगांत सारख्याच सहजतेने उभा असल्याचे ही दोन चित्रे दाखवतात.

मे १९३० मध्ये यशवंतरावांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. वय बावीसही पूर्ण नव्हते. देशात सविनय कायदेभंगाची चळवळ पेटलेली होती आणि जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले होते. अशा वेळी इंदूरमध्ये नव्या राजवाड्याचे काम सुरू झाले. माणिकबाग हे त्याचे नाव. म्युथेसियस यांनी त्याची रचना केली. घुमट, कमानी, नक्षीदार छज्जे यांना त्यात थारा नव्हता. सरळ रेषा, मोकळी दालने, धातू, काच आणि हवा थंड राखणारी यंत्रणा असे त्याचे स्वरूप होते. बरेचसे साहित्य जर्मनीत तयार करून समुद्रमार्गे भारतात आणले गेले. रूलमन, आयलीन ग्रे, ल कॉर्बुझिए अशा त्या काळातील अग्रगण्य रचनाकारांच्या वस्तूंनी दालने सजली. वाचनासाठी पाठीतच दिवे बसवलेल्या लाल चामड्याच्या खुर्च्या म्युथेसियस यांनी स्वतः घडवल्या. पारंपरिक वैभवाच्या कल्पनेला छेद देणारी ही वास्तू त्या काळातील भारतात विलक्षण होती. जगातही तिच्या तोडीची घरे मोजकीच होती.

मोटारींच्या बाबतीतही यशवंतरावांची दृष्टी हीच होती. त्या काळातील बहुतेक संस्थानिकांना सोन्याचांदीच्या साजाने मढवलेल्या गाड्यांचे आकर्षण असे. यशवंतरावांना वेग, यंत्र आणि आकाराची शुद्धता यांचे आकर्षण होते. हिस्पानो-सुइझा, बुगाटी, अल्फा रोमिओ, बेंटली अशा नामांकित गाड्या त्यांच्या संग्रहात होत्या. ड्यूसेनबर्गने त्या सर्वांवर कळस चढवला.

जर्मनीतून अमेरिकेत स्थायिक झालेल्या फ्रेड आणि ऑगस्ट या ड्यूसेनबर्ग बंधूंनी शर्यतीच्या गाड्यांतून नाव कमावले होते. उद्योगपती ई. एल. कॉर्ड यांनी १९२६ मध्ये त्यांची कंपनी घेतली आणि जगातील सर्वोत्तम मोटार बनवण्याचे काम फ्रेड यांच्याकडे सोपवले. त्यातून निर्माण झालेली मॉडेल जे ही गाडी डिसेंबर १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. तिचे इंजिन ६.९ लिटरचे, एका ओळीत आठ सिलिंडरांचे आणि प्रत्येक सिलिंडरला चार याप्रमाणे ३२ व्हॉल्व्हांचे होते. कंपनीने त्याची शक्ती २६५ अश्वशक्ती सांगितली होती. त्याच सुमारास अमेरिकेतील सामान्य माणसाची फोर्ड मॉडेल ए ४० अश्वशक्तीची होती. १९३२ मध्ये इंजिनात दाबाने हवा भरणारा सुपरचार्जर जोडून एसजे ही आवृत्ती निघाली आणि शक्ती ३२० अश्वशक्तीपर्यंत गेली. त्याच वर्षी स्वतः फ्रेड ड्यूसेनबर्ग यांचा मोटार अपघातातील जखमांमुळे मृत्यू झाला.

ही गाडी तयार स्वरूपात मिळत नसे. कंपनी इंजिनासह फक्त चासी विकत असे आणि तिचीच किंमत सुरुवातीला साडेआठ हजार डॉलर होती. नव्या फोर्डला तेव्हा सुमारे पाचशे डॉलर पडत. बॉडी ग्राहकाने आपल्या पसंतीच्या कारखान्याकडून वेगळी बनवून घ्यायची असे. हॉलिवुडचे क्लार्क गेबल आणि गॅरी कूपर हे या कंपनीच्या ग्राहकांपैकी होते. स्पेनचे राजे तेरावे अल्फान्सो यांच्याकडेही ड्यूसेनबर्ग होती. यशवंतरावांनी एसजेची चासी घेतली आणि बॉडीचे काम लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याकडे सोपवले. ए. एफ. मॅकनील हे तेथील मुख्य रचनाकार होते. त्यांनी पुढे अतिशय लांब बॉनेट, मागे निमुळता होत जाणारा देह आणि मध्ये दोन आसने अशी रचना केली. एवढ्या प्रचंड यंत्रावर केवळ दोघांची सोय करणे ही उपयुक्ततेच्या दृष्टीने उधळपट्टीच होती. मात्र त्या आकारात कोठेही अनावश्यक अलंकार नव्हता, आणि हीच माणिकबागेच्या धन्याची रुची होती.

गाडी तयार झाली, तेव्हा ती बनवणाऱ्या कंपनीचे दिवस भरत आले होते. मंदीत इतक्या महाग मोटारीला ग्राहक उरले नव्हते. १९३७ मध्ये कॉर्ड यांचा उद्योगसमूह कोसळला आणि ड्यूसेनबर्ग बंद पडली. या मालिकेतील जेमतेम ४८० गाड्या तोवर बनल्या होत्या. इंदूरची मोटार त्यांतील अखेरच्या गाड्यांपैकी ठरली.

तेच १९३७ साल यशवंतरावांच्या व्यक्तिगत आयुष्यातही काळोख घेऊन आले. महाराणी संयोगिताराजे यांचे स्वित्झर्लंडमध्ये निधन झाले. त्यांचे वय तेवीसच्या आसपास होते आणि मागे लहान कन्या होती. पॅरिसमध्ये मॅन रे या छायाचित्रकाराने टिपलेली या दांपत्याची हसरी, खेळकर छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. ती पाहताना या सहजीवनाची अल्प मुदत मनाला लागून राहते.

या वियोगाशी आणखी एक अपुरी राहिलेली कहाणी जोडलेली आहे. आधुनिक शिल्पकलेतील थोर नाव असलेल्या कॉन्स्टान्टिन ब्रांकुशी यांची अवकाशातील पक्षी या मालिकेतील तीन शिल्पे यशवंतरावांनी घेतली होती. एक ब्राँझचे, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचे. या तीन पक्ष्यांसाठी इंदूरमध्ये ध्यानमंदिर उभारावे, अशी कल्पना राजा आणि शिल्पकार यांच्यात आकाराला आली. महाराणींच्या मृत्यूनंतर तिला अधिकच गहिरा अर्थ प्राप्त झाला. त्या कामासाठी ब्रांकुशी १९३७-३८ च्या हिवाळ्यात इंदूरला आले. परंतु महाराजांशी अपेक्षित बोलणी झाली नाहीत आणि शिल्पकार काही आठवड्यांनी परतले. मंदिर कधीच उभे राहिले नाही. जे पैशाने विकत घेता येत होते, ते सर्व इंदूरला आले होते. जे चिकाटीने आणि स्वतः उपस्थित राहून घडवायचे होते, ते मात्र कागदावरच राहिले. यशवंतरावांच्या आयुष्यातील मर्माची उणीव या एका प्रसंगात दिसते.

पुढील वर्षांत त्यांचे परदेशातील वास्तव्य वाढत गेले. प्रकृतीच्या तक्रारी होत्या आणि मनही इंदूरमध्ये रमत नव्हते. १९३८ मध्ये त्यांनी मार्गारेट लॉलर या अमेरिकी स्त्रीशी विवाह केला. तो १९४३ मध्ये संपुष्टात आला आणि त्याच वर्षी त्यांनी युफेमिया क्रेन या दुसऱ्या अमेरिकी स्त्रीशी विवाह केला. कॅलिफोर्नियातील सांता आना येथे त्यांनी घर घेतले. राज्यात मात्र प्रजामंडळाची चळवळ जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करत होती. संस्थानाचा महसूल आणि राजाचा खर्च यांचा हिशेब लोक विचारू लागले होते. राजा दूर देशी आणि कारभार दिवाणांच्या हाती, ही स्थिती लोकांना खटकणे स्वाभाविक होते.

तरीही यशवंतरावांना केवळ विलासी राजा ठरवणे अन्यायाचे होईल. त्यांच्याच राजवटीत गंभीर नदीवर धरण बांधले गेले आणि १९३९ मध्ये यशवंत सागर जलाशयाचे पाणी इंदूरच्या कामी येऊ लागले. जलाशय भरला की जादा पाणी आपोआप ओढून बाहेर सोडणारे सायफन हे या धरणाचे वैशिष्ट्य होते. यंत्राची आवड असलेल्या राजाला शोभेल अशीच ही योजना होती. बिजासन टेकडीच्या परिसरात विमानतळाची आखणी झाली, तीही याच काळात. १९३४ मध्ये स्थापन झालेला यशवंत क्लब आजही चालू आहे.

क्रिकेटच्या बाबतीत तर त्यांच्या आश्रयाने इतिहास घडला. वडिलांनी आणलेल्या सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली होळकर संघ उभा राहिला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर असे खेळाडू त्यात होते. या संघाने १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ अशी चार वेळा रणजी करंडक स्पर्धा जिंकली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टनही या संघाकडून खेळले. मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी नाबाद २४९ धावा केल्या. एका संस्थानाच्या संघाने मुंबईसारख्या बलाढ्य संघाशी बरोबरीने झुंज द्यावी, हे त्या पिढीतील मराठी क्रिकेटरसिकांना अप्रूप वाटे.

राजकारणातही त्यांनी एकदा सर्वांना चकित केले. १९४२ मध्ये क्रिप्स शिष्टाई फसल्यानंतर त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना उद्देशून एक खुले पत्र प्रसिद्ध केले. भारत आणि ब्रिटन यांच्यातील वाद सोडवण्यासाठी अमेरिकेने आणि मित्रराष्ट्रांनी मध्यस्थी करावी, असा त्याचा आशय होता. इंग्रजी सत्तेच्या मांडलिक राजाने परकीय राष्ट्राध्यक्षाला असे पत्र लिहिणे हा शिष्टाचाराचा भंग होता आणि भारत सरकारने त्याची गंभीर दखल घेतली. पत्रातून फारसे काही निष्पन्न झाले नाही. मात्र राजाच्या मनात स्वातंत्र्याचा विचार होता, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

दुर्दैवाने प्रत्यक्ष स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर त्यांची पावले अडखळली. १९४७ च्या उन्हाळ्यात भोपाळच्या नवाबांच्या प्रभावाखाली त्यांनी सामीलनाम्यावर सही करण्यास टाळाटाळ केली. बडोद्याच्या महाराजांसह काही संस्थानिकांनी केलेली मनधरणीही प्रथम व्यर्थ गेली. अखेर सही झाली आणि इंदूर भारतात आले. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत या नव्या राज्याचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख आणि यशवंतराव उपराजप्रमुख झाले. शिंदे आणि होळकर या घराण्यांतील दीड-दोनशे वर्षांची चुरस अशा रीतीने एका नव्या राज्याच्या दोन पदांत विसावली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशाची पुनर्रचना झाली आणि ते पदही संपले.

वस्तू विखुरण्याची सुरुवात त्याआधीच झाली होती. वडिलांनी घेतलेले दोन हिरे १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याकडे गेले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत यशवंतरावांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय ५३ होते. त्यानंतरच्या दोन दशकांत त्यांचे उरलेसुरले जग भारताबाहेर गेले. संगमरवरी पक्ष्यांची जोडी १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने घेतली. ब्राँझचा पक्षी कॅलिफोर्नियातील पासाडेना येथील नॉर्टन सायमन संग्रहालयात पोहोचला. माणिकबागेतील सामानाचा लिलाव मे १९८० मध्ये मोनॅको येथे झाला. ड्यूसेनबर्ग अमेरिकेतील संग्राहकांकडे गेली. जेथे ती जन्मली, तेथेच ती परतली. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयाने या राजाच्या आवडीनिवडीवर मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा विविध देशांतून आणलेल्या या वस्तू पुन्हा काही महिने एकत्र नांदल्या. इंदूरकरांपैकी फारच थोड्यांना ते पाहता आले असेल.

इंदूरमध्ये त्यांपैकी काय राहिले? माणिकबागेची वास्तू आहे. तेथे केंद्रीय कर विभागाचे कार्यालय चालते. ज्या दालनांत काचेचे आणि धातूचे अपूर्व सामान होते, तेथे आता शासकीय फायली आहेत. यशवंत सागर आहे. स्थलांतरित पक्ष्यांचे आश्रयस्थान म्हणून २०२२ मध्ये त्याचा समावेश रामसर यादीत झाला. संगमरवरी पक्ष्यांचे मंदिर उभे राहिले नाही, पण राजाने अडवलेल्या पाण्यावर दर हिवाळ्यात जिवंत पक्षी उतरतात. आणि महाराजा यशवंतराव रुग्णालय आहे. माळवा-निमाडच्या खेड्यांतून येणारा गरीब रुग्ण त्याला एमवाय या दोन अक्षरांनीच ओळखतो. ती अक्षरे कोणाच्या नावाची, हे त्याला बहुधा माहीत नसते.

यशवंतरावांची रुची त्यांच्या काळाच्या पुढे होती, यात शंका नाही. जगातील उत्तम ते ओळखण्याची नजर आणि ते मिळवण्याची ऐपत त्यांच्याकडे होती. मात्र ऐपत संस्थानाची होती आणि संस्थान प्रजेच्या कष्टांवर उभे होते. त्यामुळे जे राजाने स्वतःसाठी आणले, ते राज्याबरोबर गेले. जे प्रजेसाठी बांधले, ते राज्य गेल्यावरही टिकून राहिले. नारिंगी-काळी ड्यूसेनबर्ग आज सातासमुद्रापार जपली जाते आणि तिचे कौतुक करणारे जगभर आहेत. गंभीर नदीवरचे धरण मात्र इंदूरजवळच आहे, आणि त्याच्यामागे साठलेले पाणीही.